ज्वारीची भाकरी का मोडते? सीलिॲक रुग्णांसाठी थोडी माहिती

समजा, जामखेडहून परदेशी शिकायला गेलेल्या तुमच्या मुलीने तिथल्या खोलीत ज्वारीची भाकरी थापली. सुदानची रूममेट म्हणेल, आमची किसरा याच धान्याची. चिनी मुलीला यापासून दारू गाळतात हे ठाऊक, तर अमेरिकन मुलीला हे गुरांचे खाद्य वाटेल. तिघींचेही बरोबर! पण भाकरी थापताना मोडते का, हे कोडे तिघींनाही पडेल.

कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. म्हणून तर आपण पिठात आधणाचे पाणी घालतो. सीलिॲक आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. जुलाब, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे अशी लक्षणे दिसतात. या रुग्णांना ज्वारी चालते. अडचण गिरणीत येते. गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी दळली की गव्हाचे पीठ मिसळतेच. त्यामुळे ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या वेगळ्या चक्कीवर दळा. परातही वेगळी ठेवा.

मात्र नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. तपासणीआधीच गहू सोडला, तर आजार असूनही रक्ताचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.