सोमवारच्या कुस्तीयुद्धाची वस्तुस्थिती

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीला आजचे स्वरूप विन्स मॅकमहन यांच्या एकट्याच्या कल्पकतेने आले, आणि त्यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफशी टक्कर देणाऱ्या डब्ल्यूसीडब्ल्यूने मालक टेड टर्नर यांच्या तिजोरीच्या बळावर त्यांचे मल्ल तेवढे फोडले, हा समज आपल्याकडच्या केबल पाहणाऱ्या पिढीतही रूढ आहे. मल्ल फोडले हे खरेच. परंतु ४ सप्टेंबर १९९५ रोजी मिनेसोटातील मॉल ऑफ अमेरिकामध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘मंडे नायट्रो’ या साप्ताहिक कार्यक्रमाचा पहिला प्रयोग रंगला असता, आदल्या रात्रीपर्यंत प्रतिपक्षाच्या चाकरीत असलेला लेक्स लूगर जो अवचित येऊन उभा राहिला, त्यातील करामत पैशाइतकीच थेट प्रक्षेपणाची होती. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सोमवारच्याच ‘रॉ’ या कार्यक्रमाचे कित्येक भाग त्या काळी आगाऊ चित्रित होत, नायट्रो मात्र थेट असे, आणि तिचे सूत्रधार एरिक बिशॉफ प्रतिपक्षाच्या चित्रित लढतींचे निकाल आपल्याच कार्यक्रमात बेमुर्वतपणे फोडून टाकीत. हा शिष्टाचार खचितच नव्हता. पण प्रेक्षक टिकला.

७ जुलै १९९६ रोजी लाडका नायक हल्क होगन खलनायक झाला आणि ‘एनडब्ल्यूओ’ ही टोळी उभी राहिली. तीही निखळ नवनिर्मिती म्हणून सांगितली जाते. वास्तविक परक्या संस्थेने आखाड्यावर स्वारी करण्याचे ते कथानक जपानात १९९५ साली न्यू जपान आणि यूडब्ल्यूएफआय या कुस्तीसंस्थांत आधीच गाजले होते. उसन्या बीजाचे पीक मात्र असे आले की नायट्रोने लागोपाठ ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत रॉला मागे टाकले.

सर्वांत टिकाऊ बदल पडद्याआडचा, आणि त्याचीच चर्चा कमी. मल्लाची मिळकत पूर्वी बहुतांशी तिकीटविक्रीवर हेलकावे खाई. डब्ल्यूसीडब्ल्यूने हमीच्या रकमेचे करारमदार सर्रास केले, आणि आपली माणसे राखण्यासाठी मॅकमहन यांनाही १९९६पासून तीच वाट धरावी लागली. १९९७ साली रॉही नायट्रोप्रमाणे दोन तासांचा झाला.

रॉने हरविले म्हणून नायट्रो बंद पडली, हेही अर्धसत्यच. तोटा प्रचंड होता, हे निर्विवाद. तथापि मार्च २००१मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूची तेव्हाची मालक असलेल्या एओएल टाइम वॉर्नरच्या अंमलदारांनी आपल्या वाहिन्यांवरून कुस्तीच हद्दपार केली, आणि प्रक्षेपणाची वेळ गेल्यावर संस्थेला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. नाव, चित्रफितींचा संग्रह आणि निवडक करार मॅकमहन यांनीच विकत घेतले. शेवटची नायट्रो २६ मार्च २००१ रोजी फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे झाली.