चालत्या संगणकाची साक्ष

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत कागदाचे मोल किती आहे, हे शहरात राहणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते. सावकाराच्या दस्तऐवजांपायी ज्या वारली कुटुंबांच्या जमिनी गेल्या, ज्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्यांचेच वंशज २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा शाबीत करण्यासाठी पावत्या, पंचनामे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करीत आले आहेत. असे कागद आणि मोजणीचे नकाशे ज्या संगणकात साठविलेले असतील, त्याची डिस्क एखाद्या दुपारी अकस्मात रिकामी दिसू लागली, तर काय करावे आणि त्याहूनही अगत्याचे म्हणजे काय करू नये, हे तालुक्याच्या ठिकाणी संगणक हाताळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

गावच्या शिवाराचे गट पाडून त्यांच्या चतुःसीमा तलाठ्याच्या दप्तरात नोंदविलेल्या असाव्यात, त्याप्रमाणे डिस्कचे विभाग कोठून कोठवर आहेत याची नोंद तिच्या आरंभीच्या पार्टिशन टेबलात असते. दप्तर जळाले तरी बांध आणि बांधाआतले पीक जागच्या जागी राहते. आयबीएम कंपनीने १९८३ साली रूढ केलेल्या जुन्या पद्धतीत हा सारा तक्ता पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधील अवघ्या ६४ बाइटांत मावतो. प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी, एवढाच त्याचा पसारा! तो नाहीसा होण्यास बहुतेक वेळा यंत्रदोष नव्हे, तर हातघाई कारण होते: पेन ड्राइव्हवर करावयाची क्रिया नजरचुकीने मुख्य डिस्कवर केली जाते.

अशा वेळी घाबरलेला माणूस पहिल्याप्रथम संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि तेथेच घात होतो. कारण लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सुरू होतेवेळी पार्टिशन टेबल वाचून त्याची प्रत स्वतःच्या स्मृतीत बाळगतो व पुढील सारा व्यवहार त्या प्रतीच्या आधारेच चालवितो. इतकेच नव्हे, तर विभाग वापरात असताना कोणी डिस्कवर नवा तक्ता लिहिला आणि तो पुन्हा वाचण्याचा हुकूम सोडला, तरी डिस्क व्यग्र असल्याचे कळवून तो हुकूम फेटाळतो. म्हणून डिस्कवरची नोंद पुसली गेली असली तरी यंत्र चालू आहे तोवर अस्सल साक्षीदार हयात असतो. पावसाळी वाऱ्यात वीज गेली की ही साक्षही गेली. तेव्हा यूपीएसची जोडणी आधी पाहून घ्यावी.

यानंतर, जे विभाग अजून उघडत आहेत त्यांतील महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मग कर्नल ‘सिस’ नावाच्या निर्देशिकेत प्रत्येक विभागासाठी ‘स्टार्ट’ आणि ‘साइज’ या नावांनी जे दोन आकडे दाखवितो, ते कागदावर उतरवावेत. हे आकडे नेहमी ५१२ बाइटांच्या एककात असतात; आधुनिक डिस्कवर पहिला विभाग बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो, यावरून पडताळाही घेता येतो. जुन्या पद्धतीतील विस्तारित विभागाच्या आकारावर मात्र विसंबू नये, कारण कर्नल तो केवळ १ किलोबाइट दाखवितो. त्याची खरी हद्द त्याच्या पोटातील शेवटच्या विभागावरून काढावी लागते. आहे त्या स्थितीतील पहिल्या सेक्टरची नक्कल बाजूला ठेवून, ‘एसएफडिस्क’ या आज्ञावलीच्या साहाय्याने याच आकड्यांचा तक्ता पुन्हा लिहावा, आणि लिहिलेले वाचून कागदाशी अंक न् अंक ताडल्याखेरीज संगणक बंद करू नये.

जीपीटी ही नवी पद्धत अधिक दूरदर्शी आहे: तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि दोहोंच्या शुद्धतेचा पडताळा घेणारा अंकही सोबत असतो, त्यामुळे आरंभीची प्रत गेली तरी शेवटच्या प्रतीवरून ती उभी करता येते.

संगणक आधीच बंद केला गेला असेल तरी सर्वस्व बुडाले असे समजू नये. ‘टेस्टडिस्क’सारखी विनामूल्य आज्ञावली डिस्कभर फिरून फाइल-व्यवस्थांच्या खुणांवरून हरवलेल्या हद्दी शोधते, मात्र हा शोध दुसऱ्या संगणकावरून, शक्य तर डिस्कच्या संपूर्ण नकलेवर करावा. विंडोजने फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास निक्षून नकार द्यावा. विशेषतः एसएसडीवर ही दक्षता फार मोलाची आहे. कारण तेथे फॉरमॅट करताना तो सारा भाग मोकळा झाल्याची सूचना डिस्कला दिली जाते, आणि डिस्क त्या सूचनेबरहुकूम आतला मजकूरही पुसून टाकते, मग तक्ता कितीही अचूक लिहिला तरी त्याच्या हद्दीत वाचण्याजोगे काही उरत नाही.