रामायण टोकियोत का रंगलं?

१२ सप्टेंबर २०२५ला ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ देशभर लागला आणि जपानी ॲनिमेसाठी पहाटेचे शोसुद्धा भरतात, हे थिएटरवाल्यांना कळलं. पुण्यातल्या विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरीतली कॉलेजची पोरं भल्या पहाटे विमाननगरच्या मल्टिप्लेक्सकडे निघाली, तेव्हा घरातल्या मोठ्यांना एकच प्रश्न पडला : कार्टूनसाठी एवढी झोपमोड? या प्रश्नाचं उत्तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आहे. त्या गोष्टीत भारताचाही एक धागा आहे, आणि तो आपणच हातचा घालवला.

आधी जपान. १९७९ साली ‘गंडाम’ नावाची यंत्रमानवांची मालिका टीव्हीवर आली. अशा मालिकांना पैसा खेळण्यांच्या कंपन्या पुरवत. खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली गेली. पण लढायला निघालेला, भेदरलेला, थकलेला तो पोरगा मोठ्या मुलांच्या मनात घर करून राहिला होता. पुनर्प्रक्षेपणं झाली, प्लॅस्टिकची मॉडेल्स हातोहात गेली आणि १९८१-८२मध्ये त्याच मालिकेतून तीन चित्रपट निघाले. चित्रपटाचा प्रेक्षक फक्त सात वर्षांचा नसून सतरा वर्षांचाही असतो, हे निर्मात्यांना तेव्हा उमगलं. मग १९८२ साली ‘मॅक्रॉस’ आली, १९८३ साली हिरोशिमाचा अणुबॉम्ब एका मुलाच्या डोळ्यांनी दाखवणारा ‘बेअरफूट गेन’, आणि मार्च १९८४मध्ये हायाओ मियाझाकींचा ‘नौसिका’. आजच्या पोरांची झोपमोड होते ती या परंपरेपायी.

हे सगळं हातानं काढलेलं होतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. ओसामु तेझुका यांनी १९६३च्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून टीव्हीसाठी काटकसरीची पद्धत रुळवली : एकच चित्र तीन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागतं. हालचाल कमी पडते, ती उणीव पार्श्वभूमी, कॅमेऱ्याची चाल आणि आवाजानं भरून काढायची. गरिबीतून आलेल्या या युक्तीची पुढे शैली झाली.

याच काळात, १९८३ साली, युगो साको नावाचे जपानी माहितीपटकार भारतात आले. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळच्या उत्खननावर त्यांना माहितीपट करायचा होता. त्या कामात रामकथा कानावर पडली आणि त्यांना तिनं झपाटलं. जपानी भाषेत मिळतील तितकी रामायणं त्यांनी वाचून काढली. त्यांची खात्री झाली, की राम देव आहे, तो कुठल्याही नटाच्या चेहऱ्यात मावायचा नाही. तो चित्रातूनच उभा राहील. हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे अख्ख्या देशानं दूरदर्शनवर नटाच्या रूपातला राम पाहिला, त्याच्या आधीच एक परका माणूस हा विचार करून बसला होता.

पण त्यांच्या माहितीपटाबद्दलच्या वर्तमानपत्रातल्या बातमीवरून गैरसमज झाला. परक्यानं रामायणावर मनमानी चित्रपट करू नये, असं निषेधाचं पत्र विश्व हिंदू परिषदेकडून दिल्लीतल्या जपानी दूतावासाला गेलं. साकोंनी समजूत घातली, पण विषय नाजूक म्हणून सरकार कचरलं. भारत-जपाननं मिळून रामायणावर ॲनिमेशन चित्रपट करण्याचा बेत बारगळला आणि तो जपानमध्ये तयार झाला. मुंबईचे राम मोहन सहदिग्दर्शक होते. धोतराच्या निऱ्या कशा पडतात, थोरांच्या पाया कसं पडतात, हे भारतीय कलाकार जपानी चित्रकारांना समजावून देत. सुमारे एक लाख सेल, म्हणजे पारदर्शक कागदांवरची चित्रं, रंगवली गेली. संगीत वनराज भाटियांचं, आणि संस्कृत गीतं आपल्या वसंत देवांची. मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या या माणसाचं नाव इथं किती जणांना आठवतं?

१९९३च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. बाबरी पडून महिना-दीड महिनाच झाला होता. थिएटरांत त्याला वाव मिळाला नाही. एका पिढीनं तो कार्टून नेटवर्कवर पाहिला, आणि २४ जानेवारी २०२५ला तो नव्या झळाळीसह मोठ्या पडद्यावर आला. त्याच १९९३मध्ये दूरदर्शनवरच्या जपानी ‘जंगल बुक’मधल्या शेरखानाला नाना पाटेकरांनी आवाज दिला होता. हिंदीत, अर्थात.

सरकार तेव्हा कचरलं नसतं, तर ते एक लाख सेल रंगवणारे बरेच हात मुंबई-पुण्यातले असते. त्या हातांनी पुढची पिढी शिकवली असती. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०१९मध्ये ते गेले. पण त्या रामायणाच्या तोडीचा दुसरा चित्रपट आपल्याकडे उभा राहिला नाही.

आणि मराठी? ‘डीमन स्लेयर’ हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. साकोंचं रामायणही हिंदी, तमिळ, तेलुगूत पुन्हा लागलं. मराठी दोन्हीकडे नाही. ज्या पुण्याच्या आकाशवाणीनं १९५५ साली ‘गीतरामायण’ घराघरांत पोहोचवलं, त्या पुण्याला हे बोचायला हवं. इथं कसलेले नट आहेत, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ आहेत, जपानी जाणणारे तरुण कमी नाहीत. वितरकांनी साकोंच्या या एका चित्रपटाचा मराठी ध्वनिपट करून पाहावा. आणि पहाटे थिएटरात रांग लावणाऱ्या पोरांनी ही मागणी जोरात लावून धरावी. त्यांचंच आता कोणीतरी ऐकेल.