थंडीत गिनीपिगची काळजी
निफाड-नाशिककडे थंडीत पारा १० अंशांखालीही उतरतो, म्हणून अंगणातल्या, गॅलरीतल्या गिनीपिगना जपा. तापमान १५ अंशांखाली जाणार असेल तर रात्री त्यांना घरातच घ्या.

▪ पिंजरा जमिनीपासून उंच ठेवा. वाऱ्याची बाजू ताडपत्रीने झाका, पण हवा खेळती राहू द्या.

▪ तळाला वर्तमानपत्रांचा जाड थर, वर भरपूर वाळलेलं गवत. त्यात बोगदे करून ते बसतात आणि तेच खातातही! ओलं गवत रोज काढा.

▪ एकट्याला ठेवू नका. दोन माद्या छान राहतात, चिकटून बसल्या की ऊबही मिळते.

▪ ‘क’ जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्या.

खाणं सोडलं, नाक वाहू लागलं, अंग फुलवून कोपऱ्यात बसला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.