टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, मग तो संपता का संपत नाही?

भिवंडीत वेळ मीटरवर मोजली जाते. पॉवरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि बहुतेक ठिकाणी मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. अशा गावात एखाद्याला टीबी होतो आणि डॉक्टर सांगतात, "सहा महिने औषध." मीटरच्या हिशोबाने जगणाऱ्या माणसाने हे सहा महिने मोजायचे कसे?

मुळात हा आजार ओळखण्यातच वेळ जातो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा, असं सरकारी कार्यक्रम सांगतो. पण कारखान्यात सूत उडतच असतं, त्यामुळे खोकला धुळीच्या नावावर खपून जातो. तपासणीला पोहोचलं की जीन एक्स्पर्ट मशीन साधारण दोन तासांत निकाल देतं. कल्चर करावं लागलं तर मात्र सहा आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागू शकते.

सहा महिनेच का?

कारण या जंतूची स्वतःची वेळच संथ आहे. पोट बिघडवणारा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. त्यातले काही तर सुस्त पडून राहतात आणि अशा झोपलेल्या जंतूंवर औषध लवकर लागू पडत नाही. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन.

गोची होते ती इथेच. काही आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. शरीर म्हणतं झालं, कॅलेंडर म्हणतं अजून चार महिने. बरं वाटत असताना रोज गोळी घेणं म्हणजे रोज स्वतःला आठवण करून देणं की आपण आजारी आहोत. अनेकांची औषधं याच टप्प्यावर सुटतात. त्यात गावाकडचं लग्न किंवा शेतीची कामं आली की भिवंडीतला कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणाची गाडी पकडतो. (गोळ्या गावाजवळच्या सरकारी केंद्रातही मिळू शकतात. फक्त निघण्याआधी इथल्या केंद्रात सांगायला हवं.)

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅथी शारमाझ यांनी 1991 मध्ये दीर्घ आजार आणि वेळ या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण साधं होतं: लांबचे बेत आखणं बंद होतं, माणूस एकेक दिवसावर येतो आणि दिवसांचे दोनच प्रकार उरतात, चांगला आणि वाईट.

त्याच्याही आधी, 1924 मध्ये, थॉमस मान यांची 'द मॅजिक माउंटन' ही कादंबरी आली. तिचा नायक तीन आठवड्यांसाठी डोंगरावरच्या टीबी सॅनेटोरियममध्ये जातो आणि सात वर्षं राहतो. तिथे निदान सगळेच आजारी होते, सगळ्यांची वेळ एकत्र थांबलेली होती. पुढे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की घरी राहून घेतलेले उपचारही तितकेच गुण देतात. खर्च वाचला, कुटुंब तुटलं नाही. पण रुग्णाची थांबलेली वेळ मात्र घरात आली. शेजारी पाळी बदलतेय, मुलं शाळेत जातायत आणि एकजण खाटेवर स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजतोय.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत हे मोजणं 20 महिन्यांपर्यंत जायचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने बीपाल्म या चार औषधांच्या उपचारपद्धतीला मान्यता दिली आणि पात्र रुग्णांसाठी तो काळ सहा महिन्यांवर आला. घरभाडं आणि गावी पाठवायचे पैसे डोक्यावर असलेल्या माणसासाठी 14 महिन्यांचा फरक काय असतो, हे वेगळं सांगायला नको. निक्षय पोषण योजनेतली मदत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाली. आहारासाठी ती उपयोगी आहे, पण बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही.

कोर्स संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात, कारण आजार उलटू शकतो. त्यामुळे आता साधा सर्दी-खोकला झाला तरी माणूस पुन्हा दिवस मोजायला लागतो. खोकला दोन आठवडे टिकला, गोळ्या चुकल्या किंवा त्रास होऊ लागला तर औषध स्वतःहून बंद न करता जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं किंवा निक्षय हेल्पलाइनला 1800-11-6666 वर फोन करावा. कॉल मोफत आहे.