तारखेची वाट पाहणारा सीमाभाग

बेळगाव-निपाणीत ‘तारीख’ म्हटलं की दोन आठवतात. पहिली १ नोव्हेंबर. १९५६ साली याच दिवशी हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि तो महाराष्ट्रात यावा यासाठी लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती हा दिवस काळा दिवस म्हणून पाळू लागली. दुसरी तारीख सुप्रीम कोर्टाची. ती कधी लागेल, याचा नेम नाही.

हा सीमावाद सोडवायला केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला देऊ केलं. महाराष्ट्राने तो नाकारला. मग मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास. अखेर २००४ मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली दावा लावला, कारण दोन राज्यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयातच चालतं. मागणी ८६५ गावांची.

कर्नाटकाचा मुद्दाही बिनतोड वाटावा असा: सीमा बदलणं हे कलम ३ नुसार संसदेचं काम, न्यायालयाचं नव्हे. म्हणजे गावं कुणाची, याआधी हा वाद ऐकायचा कुणी, यावरच खल!

दरम्यान, २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०१४ मध्ये न्यायालयाने साक्षीपुरावे नोंदवायला निवृत्त न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांना नेमलं. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरलाच, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं.