कन्नडमधील ‘हळदि’ : एका रंगवाचक शब्दाचे मूळ

मराठीवरील कन्नडच्या प्रभावाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ‘अण्णा’, ‘अक्का’ यांसारखी उदाहरणे आता पाठ्यपुस्तकांतही आढळतात. उलट दिशेने झालेल्या आदानाकडे, विशेषतः मूलभूत मानल्या जाणाऱ्या शब्दवर्गांतील आदानाकडे, त्या मानाने दुर्लक्ष झाले. रंगवाचक शब्द हा असाच एक वर्ग होय. प्रस्तुत लेखात कन्नडमधील ‘हळदि’ म्हणजे ‘पिवळा’ या एकाच शब्दाचा विचार केला आहे.

बेंगळुरूच्या मेट्रोमार्गांची कन्नड नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जांभळा तो ‘नेरळे’, हिरवा तो ‘हसिरु’, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेला पिवळा तो ‘हळदि’. ‘नेरळे’ हे जांभूळ या फळाचेच नाव आहे. मराठी ‘जांभळा’ हाही त्याच रीतीने घडलेला शब्द, पण येथे केवळ कल्पना समान आहे, शब्द नव्हे. ‘हसिरु’ निःसंशय द्राविडी आहे. त्याचे जुने रूप ‘पसुर्’. तमिळ ‘पच्चै’ (हिरवा) आणि तेलुगू ‘पसुपु’ (हळद, पिवळा) ही त्याचीच भावंडे. एकाच धातूपासून कन्नडात हिरवा आणि तेलुगूत पिवळा निघावा, यावरून या दोन रंगांमधील सीमारेषा मुळात किती पुसट होती हे ध्यानात येते. संस्कृतातील ‘हरि’, ‘हरित’, ‘हरिद्रा’ या शब्दांतही तीच पुसट सीमा आहे.

‘हळदि’ मात्र या कुटुंबात बसत नाही. कन्नडच्या देशी शब्दांतील आद्य ‘ह’ हा बहुतांशी जुन्या ‘प’पासून आलेला असतो : पालु–हालु, पसुर्–हसुरु. ‘हळदि’ देशी असता, तर त्यामागे पकारादी जुने रूप आणि तमिळ-तेलुगूत त्याची सगोत्र रूपे मिळावयास हवी होती. तमिळात हळद आणि पिवळा या दोहोंसाठी ‘मंजळ्’ आहे. तेव्हा शब्दाचे मूळ ‘हरिद्रा’च, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कन्नडात तो कोणत्या वाटेने शिरला याविषयी.

येथे मराठी अभ्यासकाला मोह पडतो तो ‘ळ’चा. दख्खनी-हिंदुस्थानी ‘हल्दी’त ‘ल’ आहे, मराठी ‘हळद’मध्ये ‘ळ’ आहे, म्हणून शब्द मराठीचा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो पुरेसा नाही. तेराव्या शतकातील केशिराजाने ‘शब्दमणिदर्पण’ या व्याकरणात ‘क्षळ’ नावाचा एक ळकार सांगितला आहे : संस्कृत ‘ल’च्या जागी कन्नडात उच्चारला जाणारा ‘ळ’. ही सवय कन्नडची स्वतःचीच असल्यामुळे एकट्या ‘ळ’वर मराठीचा हक्क सिद्ध होत नाही.

निर्णायक खूण माझ्या मते ‘द’मध्ये आहे. हेमचंद्राने ‘हरिद्रा’ची ‘हलद्दा’, ‘हलद्दी’ अशी जोडाक्षरयुक्त प्राकृत रूपे नोंदविली आहेत. प्राकृतातून कन्नडने जे शब्द जुन्या काळी घेतले, त्यांत हे द्वित्व सहसा टिकते. ‘शर्करा’चे कन्नडात ‘सक्करे’ झाले, मराठीत ‘साखर’. ‘अक्षर’चे ‘अक्कर’ झाले. ‘हळदि’ हा त्या थरातला असता, तर ‘हळद्दि’सारखे रूप अपेक्षित होते. द्वित्व सुटलेला एकेरी ‘द’ हे प्राकृतोत्तर, म्हणजे अर्वाचीन आर्यभाषांच्या अवस्थेचे लक्षण आहे. ‘ळ’ आणि एकेरी ‘द’ ही दोन्ही लक्षणे कन्नडच्या शेजारी एकत्र सापडतात ती मराठी-कोंकणीत. ‘क्षळ’ हा संस्कृत शब्दांपुरता असल्याने हिंदुस्थानी ‘हल्दी’ला तो लागला असेल, हे संभवत नाही.

तथापि मराठीने एकटीने श्रेय घेऊ नये. व्यंजनान्त परकीय शब्दाला कन्नड बहुधा ‘उ’ जोडते (बजार–बजारु). ‘हळद’पासून ‘हळदु’ व्हावयास हवे होते. अंत्य ‘इ’चा उलगडा मराठी ‘हळदी’ या विशेषणाने किंवा सामान्यरूपाने होतो. पण कर्नाटक किनाऱ्यावरील सारस्वतांच्या कोंकणीत मूळ नामच ‘हळदि’ असे इकारान्त आहे. या बाबतीत कोंकणीची बाजू अधिक बळकट म्हणावी लागेल. राजकीय इतिहासाची साक्ष (1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांकडे होते आणि 1687 मध्ये ते म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले) येथे मी मुद्दामच पुढे करीत नाही. दरबारी सत्तेतून कारभाराचे शब्द येतात. रंगाचा शब्द येण्यास बाजार आणि स्वयंपाकघर अधिक जवळचे.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी 1969 मध्ये मांडलेल्या मूलभूत रंगशब्दांच्या क्रमात पिवळा हा निळ्याच्या आधी येतो. कन्नडने हे दोन्ही उसने घेतले : ‘नीलि’ संस्कृतकडून, ‘हळदि’ शेजाऱ्यांकडून. काळा, पांढरा, तांबडा (‘कप्पु’, ‘बिळि’, ‘केंपु’) मात्र घरचेच राहिले. शिवाय ज्यांच्याकडून शब्द गेला असे आपण म्हणतो, त्या मराठीत रंगाचे रूढ नाव ‘हळदी’ नाहीच. ते ‘पीत’पासून प्राकृत ‘पीवल’ या वाटेने आलेले ‘पिवळा’ आहे. मराठीत वस्तूला चिकटून राहिलेला शब्द कन्नडात गेल्यावर वस्तूपासून सुटला आणि निव्वळ रंग झाला, कारण वस्तूसाठी तेथे ‘अरिसिन’ हा शब्द आधीच ठाण मांडून होता. म्हणूनच कर्नाटकाच्या पिवळ्या-तांबड्या ध्वजाचे रंग सांगताना कन्नड माणूस ‘हळदि-केंपु’ म्हणेल; मात्र त्यांचे मांगल्य सांगायचे झाले, की तो ‘अरिसिन-कुंकुम’ म्हणतो.